शेजाऱ्याच्या दारातला पहारा

पूर्वी एखाद्या घराला वाळीत टाकायचे ठरले की ठराव चावडीवर होत असे. ठराव करणारे हात वर करून आपापल्या घरी जात. मात्र तो पाळण्याचा भार पडे तो त्या घराला लागून असलेल्या शेजाऱ्यावर. विहीर सामाईक, कुंपण सामाईक, पेरणीच्या वेळी बैलजोडीची देवघेव ठरलेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला वाळीत टाकणे फुकट पडते, शेजाऱ्याला ते रोज मोजावे लागते. ही प्रथा वाईट होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. तथापि राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात तिचेच एक सुधारलेले रूप विसाव्या शतकाने रूढ केले. त्याला आपण 'आर्थिक निर्बंध' म्हणतो. निर्बंध कोणी लादले, कोणावर लादले, ते यशस्वी झाले की नाही, याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ होते. ते पाळले कोणी, आणि त्या पाळण्याचा खर्च कोणी दिला, या प्रश्नाकडे मात्र इतिहासकारांचेही लक्ष उशिराच गेले. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना हा प्रश्न सहज कळण्यासारखा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आरंभ करू तो जिनिव्हापासून. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. राष्ट्रसंघाच्या कराराच्या सोळाव्या कलमात आक्रमकाशी व्यापार तोडण्याची तरतूद होती. तिला अनुसरून १८ नोव्हेंबर १९३५ पासून इटलीवर निर्बंध लागू झाले. दहावीच्या वर्गात हा धडा शिकवताना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. पहिली, निर्बंधांच्या यादीत खनिज तेल नव्हते. दुसरी, सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना बंद करण्यात आला नाही. दोन्ही खऱ्याच आहेत. पण तिसरीही एक गोष्ट आहे. ज्यांचा इटलीशी मोठा व्यापार होता अशा लहान शेजारी देशांना निर्बंधांचा फटका सर्वांत जास्त बसला, आणि त्यांत युगोस्लाव्हिया अग्रभागी होता. निर्बंध पाळणाऱ्या देशांनी एकमेकांचे नुकसान वाटून घ्यावे, असा ठराव जिनिव्हात झाला होता. तो बव्हंशी कागदावरच राहिला. जुलै १९३६ मध्ये निर्बंध उठले तेव्हा इथिओपिया इटलीच्या घशात गेला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाची सनद लिहिणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवलेला दिसतो. सनदेच्या ४१ व्या कलमाने सुरक्षा समितीला आर्थिक निर्बंध लादण्याचा अधिकार दिला. ५० व्या कलमात असेही म्हटले की, अशा निर्बंधांमुळे एखाद्या देशापुढे खास आर्थिक अडचणी उभ्या राहिल्या, तर त्याला सुरक्षा समितीशी सल्लामसलत करण्याचा हक्क राहील. शब्द नीट पाहा. हक्क सल्लामसलतीचा आहे, भरपाईचा नाही! पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा घोळ या एका शब्दात साठलेला आहे.

ऱ्होडेशियाचे उदाहरण घ्या. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. ऱ्होडेशियाला समुद्रकिनारा नाही. तिचे तेल पोर्तुगीजांच्या ताब्यातील मोझांबिकच्या बैरा बंदरातून नळाने येई. ब्रिटिश आरमाराने मार्च १९६६ पासून जून १९७५ पर्यंत, म्हणजे तब्बल नऊ वर्षे, बैराच्या समोर गस्त घातली. बैराचा नळ कोरडा पडला, पण ऱ्होडेशियातल्या मोटारी काही थांबल्या नाहीत. तेल दक्षिण आफ्रिकेतून आणि मोझांबिकच्या दुसऱ्या बंदरातून येत राहिले. आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या बिंगहॅम अहवालाने उघड केले की, त्या पुरवठ्यात ब्रिटिश तेल कंपन्यांचाच हात होता.

याच्या उलट शेजारच्या झांबियाची स्थिती पाहा. झांबियाचे स्वतःचे तेल ऱ्होडेशियातूनच येत असे. स्मिथ सरकारने ते तोडताच ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांना विमानांतून तेलाची पिंपे पोचवावी लागली. दार-एस-सलामपासूनच्या कच्च्या, धोकादायक रस्त्यावरून ट्रक धावू लागले. १९६८ मध्ये दार-एस-सलाम ते एन्डोला तेलनळ झाला आणि १९७५ मध्ये चीनच्या मदतीने बांधलेला टांझानिया–झांबिया लोहमार्ग पुरा झाला. निर्बंध पाळायचे तर झांबियाला आपला सबंध व्यापार दक्षिणेकडून उत्तरेकडे वळवावा लागला. ठराव न्यूयॉर्कला झाला आणि नवा रस्ता झांबियाला शोधावा लागला.

१९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर ६ ऑगस्टला सुरक्षा समितीने इराकवर कडक निर्बंध लादले. त्या वेळी ५० व्या कलमाखाली आपली अडचण मांडणारे एकवीस देश पुढे आले. त्यांत भारत होता. कुवेतमध्ये कष्ट करून घरी पैसे पाठवणारे लाखाहून अधिक भारतीय तेव्हा विमानांनी परत आणावे लागले होते, हे अनेक वाचकांना आठवत असेल. तुर्कस्तान, इजिप्त आणि जॉर्डन या आघाडीवरच्या देशांसाठी अमेरिकेने पुढाकार घेऊन श्रीमंत राष्ट्रांकडून मदत जमवली. बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेक सहानुभूतीच आली. त्या एकवीस देशांच्या यादीत आणखी एक नाव होते, युगोस्लाव्हिया. पुढच्या दोन वर्षांत तो देशच फुटला आणि त्याचे जे उरले त्याच्यावर निर्बंध लादण्याची वेळ आली. त्या निर्बंधांच्या वेळी इतिहासात एक नवा प्रयोग झाला, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

३० मे १९९२ रोजी सुरक्षा समितीच्या ७५७ क्रमांकाच्या ठरावाने सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून उरलेल्या युगोस्लाव्हियाशी व्यापार बंद करण्यात आला. बोस्नियातील युद्धाला मिळणारी रसद तोडणे हा हेतू. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. या देशाला हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, मॅसिडोनिया, अल्बानिया, क्रोएशिया आणि बोस्निया यांच्या सीमा लागलेल्या. मधून डॅन्यूब नदी वाहते आणि मध्य युरोपातून तुर्कस्तान व ग्रीसकडे जाणारा हमरस्ता बेलग्रेडवरून जातो. हे शेजारी कोण? तर साम्यवादी राजवटी नुकत्याच कोसळून अंगावरचे कपडे सावरणारे देश. नोकरांचे पगार वेळेवर होत नव्हते. मॅसिडोनियाला तर राष्ट्र म्हणून जन्मून वर्षही झाले नव्हते. अशा देशांच्या जकात नाक्यांवर जगाने आपला ठराव सोपवला होता.

फसवणूक सुरू व्हायला वेळ लागला नाही. मालाच्या कागदांवर मुक्काम मॅसिडोनिया किंवा बोस्निया लिहायचा, सर्बियातून 'फक्त जाण्याची' परवानगी घ्यायची, आणि ट्रक बेलग्रेडला रिकामा करायचा. शिक्के खोटे, सह्या खोट्या. नाक्यावरच्या शिपायाने ओळखायचे कसे? रोमहून किंवा व्हिएन्नाहून निघालेल्या कागदाची खातरजमा करायला त्याच्याकडे धड टेलिफोनसुद्धा नसे. नदीवर तर आणखी पेच होता. १९४८ च्या बेलग्रेड कराराने डॅन्यूबवर सर्वांना मुक्त संचार दिलेला, म्हणून जहाजे अडवण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असे रुमानिया आणि बल्गेरिया म्हणत. जानेवारी १९९३ मध्ये तेलाने भरलेल्या युगोस्लाव्ह तराफ्यांचे तांडे त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेले. अडवलेत तर तेल नदीत सोडून देऊ, अशी धमकी होती.

या फसवणुकीचा अंदाज आधीच आला होता. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत ठरले की, शेजाऱ्यांना नुसते आदेश देऊन भागणार नाही, माणसे आणि साधने दिली पाहिजेत. त्यातून 'निर्बंध साहाय्य पथके' जन्माला आली. ऑक्टोबर १९९२ मध्ये हंगेरी, रुमानिया आणि बल्गेरिया येथे पहिली पथके पोचली. पुढे मॅसिडोनिया, क्रोएशिया, अल्बानिया आणि युक्रेन धरून ती सात झाली. युरोपीय देश, अमेरिका आणि कॅनडा यांचे जकात अधिकारी त्यांत होते. पगार आणि खर्च पाठवणाऱ्या देशांचा आणि युरोपीय समुदायाचा. ब्रुसेल्सला एक मध्यवर्ती संपर्क केंद्र उघडले गेले आणि संगणक व उपग्रहाच्या साहाय्याने नाके त्याला जोडले गेले. संशयास्पद कागद नाक्यावरून ब्रुसेल्सला जाई, तेथून माल निघालेल्या देशाला विचारणा होई, आणि कागद खरा की खोटा याचे उत्तर परत येई. फेब्रुवारी १९९३ पासून अंतोनिओ नापोलितानो हे इटालियन अधिकारी या सगळ्याचे समन्वयक होते.

एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. या परदेशी अधिकाऱ्यांना ट्रक अडवण्याचा वा जप्त करण्याचा अधिकार नव्हता. ते सल्ला देत, शिकवत, शेजारी उभे राहत. अधिकार यजमान देशाच्या जकात खात्याचाच. लहान राष्ट्राचा स्वाभिमान राखायचा तर दुसरा मार्ग नव्हता. आणि असेही म्हणता येईल की, परका साक्षीदार शेजारी उभा असला की लाच घेणाऱ्याचा हात थोडा आखडतोच.

१७ एप्रिल १९९३ च्या ८२० क्रमांकाच्या ठरावाने फास आणखी आवळला. जून १९९३ पासून पश्चिम युरोपीय संघाने डॅन्यूबवर हंगेरीत मोहाच, रुमानियात कालाफात आणि बल्गेरियात रूसे येथे तपासणीची ठाणी उभारली आणि गस्ती नौका दिल्या. एड्रियाटिक समुद्रात नाटो आणि पश्चिम युरोपीय संघाच्या युद्धनौका माँटेनेग्रोचा किनारा राखत होत्या. १९९६ पर्यंत त्यांनी सुमारे ७४ हजार जहाजांना हटकले आणि सहा हजारांच्या आसपास जहाजांवर चढून तपासणी केली. १ मे १९९४ रोजी 'लिडो दोन' नावाचे डिझेलचे जहाज माँटेनेग्रोकडे वळले तेव्हा युगोस्लाव्ह युद्धनौकाही पुढे सरसावल्या. डच खलाशांनी जहाजाचा ताबा घेतला आणि प्रसंग निभावला.

परिणाम झाला का? झाला. बेलग्रेडच्या सरकारने युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला होता, त्यात निर्बंधांची भर पडली. जानेवारी १९९४ मध्ये महागाईचा मासिक दर ३१ कोटी टक्क्यांच्या वर गेला. पाचशे अब्ज दिनारांची नोट निघाली. तिच्यावर चित्र होते योवान योवानोविच झ्माय या कवीचे, ज्याच्या बालकविता सर्बियन मुले पिढ्यान्पिढ्या पाठ करत आली. ज्या नोटेवर कवी, त्या नोटेत घरची गरज भागेना! ऑगस्ट १९९४ मध्ये मिलोसेविचने बोस्नियातील सर्ब नेत्यांशी असलेली सीमा बंद केली, त्यात निर्बंध सैल व्हावेत ही इच्छा होतीच. नोव्हेंबर १९९५ मध्ये डेटन येथे तह ठरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, निर्बंध स्थगित करण्यात आले. तरीही हे विसरून चालणार नाही की, निर्बंध पूर्ण भरात असतानाच जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका येथे हजारो निःशस्त्र मुसलमान पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. नाकेबंदी रसद कमी करू शकते, हत्यारे आधीच ज्यांच्या हातात आहेत त्यांना ती थांबवू शकत नाही.

आता शेजाऱ्यांच्या घरात डोकावू. सर्बियातून जाणारा हमरस्ता तुटल्यावर तुर्कस्तान आणि ग्रीसचे ट्रक बल्गेरिया–रुमानियामार्गे वळले. या दोन देशांची डॅन्यूबवरची सीमा सुमारे ४७० किलोमीटर लांब, आणि तेव्हा तिच्यावर पूल एकच, रूसे–जुर्जूचा, १९५४ साली बांधलेला. ट्रकच्या रांगा कशा लागल्या असतील याची कल्पना घाटात अडकलेल्या कोणालाही करता येईल. विदिन–कालाफातचा दुसरा पूल २०१३ साली खुला झाला. मॅसिडोनियाची गत सर्वांत वाईट. उत्तरेला निर्बंध, आणि नाव व ध्वजाच्या वादावरून फेब्रुवारी १९९४ पासून १९९५ पर्यंत दक्षिणेला ग्रीसची नाकेबंदी. अशा देशाने सर्बियाच्या नाक्यावर कडक पहारा ठेवावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी त्याच्या चुलीत काय शिजते हे पाहिले होते काय?

जून १९९३ च्या ८४३ क्रमांकाच्या ठरावाने सुरक्षा समितीने शेजाऱ्यांच्या तक्रारी आपल्या निर्बंध समितीकडे सोपवल्या. बल्गेरिया आणि रुमानिया अब्जावधी डॉलरचे नुकसान सांगत होते. समितीने देशोदेशींना आणि वित्तसंस्थांना मदतीची आवाहने केली. पैसा मिळाला तो प्रामुख्याने पहाऱ्याला. गस्ती नौका आल्या, संगणक आले, अधिकारी आले. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराला, ज्याचे गिऱ्हाईक सीमेपलीकडे होते त्या शेतकऱ्याला, मोटारचालकाला काही आले नाही. मग त्या माणसांनी काय केले? सर्बियात रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या डब्यांतून पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि ते डबे भरून आणणारे हात सीमेच्या दोन्ही बाजूंचे होते. रुमानियाच्या काठावरून रात्री होड्या सुटत. अल्बानियात श्कोदर सरोवरातून पेट्रोल जाई. पुढे हा धंदा लहान माणसांकडून टोळ्यांच्या हाती गेला, टोळ्यांचे संबंध सत्तेपर्यंत पोचले, आणि निर्बंध उठल्यावरही सिगारेटींच्या आणि हत्यारांच्या चोरट्या वाटा म्हणून त्या राहिल्याच.

आपल्या भागातील वाचकाला हे ओळखीचे वाटेल. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, आणि भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी पुरी केली. लोंढा–कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी, १८८८ पासून चालत आलेली आगगाडी सीमेवर थांबली. घाटावरची भाजी आणि धान्य खाली उतरेना. तो भारताचा एकट्याचा निर्णय होता, त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचे पाठबळ नव्हते आणि समुद्राची वाट मोकळी होती. पोर्तुगीजांनी पाकिस्तान, सिलोन आणि युरोपातून माल आणला, दाबोळीला विमानतळ बांधला, आणि लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीला विकून पैसा उभा केला. घाटांतून सोने, घड्याळे आणि विलायती दारू चोरून वर येऊ लागली. ज्यांच्या सोयरिकी सीमेपलीकडे होत्या त्यांनी ही कोंडी खऱ्या अर्थाने सोसली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तो सैन्याच्या कारवाईने. इतर देशांची साथ नसलेली कोंडी किती गळकी राहते, याचा धडा आपल्या दारातच आहे.

आणि शेजाऱ्याचा खर्च वाटून घ्यावा हा विचार भारताला नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, आणि तोही १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी. सप्टेंबर १९८६ मध्ये हरारे येथे अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत 'आफ्रिका निधी' स्थापन झाला. झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक इत्यादी आघाडीवरच्या देशांना दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादता यावेत आणि तिचा उलट मार सोसता यावा, हा त्याचा हेतू. अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे राजीव गांधींकडे होते. भारताने स्वतः ५० कोटी रुपयांची मदत घोषित केली. निधी चालवणाऱ्या नऊ देशांच्या समितीत युगोस्लाव्हियाही होता. १९३५ साली निर्बंध पाळून नुकसान सोसणारा, १९८६ साली दुसऱ्यांचे नुकसान भरून देऊ पाहणारा, १९९० साली स्वतः गाऱ्हाणे मांडणारा आणि १९९२ साली स्वतःच वाळीत पडलेला असा हा देश. इतिहासाने एकाच घराला चारही ओसऱ्यांवर बसवले.

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई केल्यापासून हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. हे निर्बंध संयुक्त राष्ट्रसंघाचे नव्हेत, पाश्चात्त्य देशांचे आहेत, आणि म्हणून भारतासह अनेक देशांनी ते स्वीकारलेले नाहीत. युरोपीय संघाने २०२३ च्या आरंभी डेव्हिड ओ'सुलिव्हन यांना खास दूत नेमले आणि ते मध्य आशिया व कॉकेशसमधील राजधान्यांचे दरवाजे ठोठावत फिरले. ब्रिटनने मार्च २०२३ मध्ये आर्थिक दबावाच्या कामासाठी दोन वर्षांकरिता पाच कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली, आणि निर्बंधांची अंमलबजावणी सुधारणे हा तिचा एक हेतू होता. पण कझाकस्तान घ्या. रशियाशी त्याची सीमा साडेसात हजार किलोमीटरहून लांब, आणि दोघे एकाच जकात संघात असल्याने त्या सीमेवर जकातीचा नाकाच नाही. अधिकाऱ्याला शिकवाल, यंत्र द्याल, पण उभे कोठे करणार?

तात्पर्य असे नव्हे की, निर्बंध निरुपयोगी आहेत. युद्धापेक्षा नाका बरा, यात शंका नाही, आणि १९९२ ची साहाय्य पथके हा या शास्त्रातला प्रामाणिक प्रयत्न होता. न्यूनता होती ती हिशेबात. पहारेकऱ्याचा पगार हिशेबात धरला, पहाऱ्यामुळे ज्याची रोजी बुडाली त्याचा धरला नाही. ५० व्या कलमातील 'सल्लामसलत' या शब्दाच्या जागी जोपर्यंत 'भरपाई' येत नाही, तोपर्यंत सीमेवरचा माणूस दिवसा पहाऱ्याकडे पाहील आणि रात्री होडी सोडील. त्याला दोष देण्यापूर्वी ठराव करणाऱ्यांनी आपले घर त्या सीमेपासून किती कोसांवर आहे, एवढे तरी मोजून पाहावे.